तांबड्या समुद्राकाठी टोमॅटो कधी लावावा?

किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत टोमॅटोची रोपं मार्चमध्ये जमिनीत लावावीत का? सरळ उत्तर ‘नाही’ असं आहे. पण जुन्नर तालुक्यात आयुष्यभर उन्हाळी टोमॅटो पिकवलेल्या माणसाला ते पटवणं सोपं नाही. या लेखातले अण्णा तसेच, नारायणगावच्या बाजूचे बागायतदार. मुलगा बंदरात नोकरीला, सून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, आणि अण्णा थंडी सरता सरता त्यांच्याकडे राहायला आलेले. सासरे आणि सून, दोघंही लेखकानं रचलेली पात्रं आहेत. त्यांच्या तोंडचे आकडे मात्र रचलेले नाहीत.

गाव म्हणावं तर हे गाव नव्हे. जेद्दाच्या उत्तरेला, राबिघजवळ, तांबड्या समुद्राच्या रेताड किनाऱ्यावर 2005 साली सौदी अरेबियानं या शहराची घोषणा केली. आराखडा सुमारे 173 चौरस किलोमीटरचा. 2013 च्या सुमारास बंदर सुरू झालं. 2018 मध्ये मक्का ते मदिना ही साडेचारशे किलोमीटरची वेगवान रेल्वे धावू लागली आणि तिचं एक स्टेशन इथं आलं. 2023 मध्ये विजेच्या मोटारींची जुळणीही सुरू झाली. या सगळ्यात भाजीपाल्याला जागा उरते ती घरामागच्या भिंतीलगत. आपल्या सूनबाईंकडे ती चार चौरस मीटर आहे.

नकाशात पाहिलं तर अण्णांचा आत्मविश्वास अगदीच निराधार नाही. शहर साधारण 22.4 अक्षांशावर, म्हणजे नंदुरबारच्या जेमतेम एक अंश उत्तरेला. सूर्याचा कल, दिवसाची लांबी, सगळं ओळखीचं. जेद्दाच्या रोपवाटिकेतून आणलेल्या प्रो-ट्रेमध्ये पंचवीस दिवसांची रोपं होती. चार-पाच पानं, काडी पेन्सिलीहून बारीक पण ताठ. अण्णांनी एक रोप चिमटीत धरून खालून ढकललं. मुळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या.

“लावणीला आलीत,” अण्णा म्हणाले. “आणखी आठ दिवस ट्रेमध्ये ठेवलीस तर मुळ्या गोल फिरतील, मग रोप जमिनीत जाऊनही जमीन धरत नाही.”

“रोपं आलीत अण्णा, पण हंगाम गेला.”

“मार्चात हंगाम गेला? अगं, आपल्याकडं उन्हाळी टोमॅटोची लावण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते, मार्चातही चालते. एप्रिल-मे-जूनला नारायणगावच्या मार्केटात क्रेट ठेवायला जागा नसते. पुण्याला मार्चात दुपारी पस्तीस-छत्तीस होतं. इथं किती?”

“एकतीस-बत्तीस.”

“मग? आपल्यापेक्षा इथं थंडच आहे की.”

इथं अण्णांनी मुद्दा मारला असं वाटतं, आणि दुपारपुरता तो खराही आहे. मार्चमध्ये पुण्याची दुपार जेद्दापेक्षा चारेक अंशांनी जास्त तापते. पण टोमॅटोचं भवितव्य दुपारपेक्षा रात्रीवर जास्त अवलंबून असतं. पुण्यात मार्चची रात्र सरासरी सोळाच्या आसपास उतरते. या किनाऱ्यावर ती वीसच्या खाली फारशी जात नाही. समुद्र दिवसाची आच धरून ठेवतो आणि हवेतली वाफ ती रात्री वर निसटू देत नाही. घाटमाथ्याजवळच्या जुन्नरला उंची आणि कोरडी हवा मिळते, म्हणून दिवसभर भाजलेली जमीन पहाटेपर्यंत निवते.

“तुम्ही लावणीचा दिवस बघता,” सून म्हणाली. “मी फुलाचा दिवस बघते. आज लावलं तर पहिला फुलोरा एप्रिलच्या मध्याला. त्यानंतर दीड-दोन महिने फळ धरायचे. इथं एप्रिलमध्ये रात्री बावीस, मेमध्ये चोवीस, जूनमध्ये पंचवीस. रात्र एकवीस-बावीसच्या वर राहिली की परागकण नीट बनत नाहीत. फुलं येतील, पिवळीधमक येतील, आणि देठापासून गळतील.”

“फुलगळ मला सांगू नकोस. बोरॉन मारलं, पाण्याचा ताण टाळला की थांबते.”

“कमतरतेनं झालेली थांबते. उष्णतेची नाही थांबत. फूल उमलायच्या आठ-दहा दिवस आधीच, कळीत असताना, नुकसान होऊन गेलेलं असतं. तुम्ही फवारणी करता तेव्हा कशावर करता?”

अण्णा गप्प बसले नाहीत. त्यांनी 2023 काढलं. त्या वर्षी जुलैत देशभर टोमॅटोचे भाव आकाशाला भिडले, नारायणगावचा बाजार राष्ट्रीय बातम्यांत आला, आणि जुन्नर भागात एका हंगामात कोटीच्या वर पट्टी झालेल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती छापून आल्या. “जुलैत तोडा, म्हणजे लावण कधीची? एप्रिलची! ऐन उन्हातली. ज्यांनी तुझ्यासारखा तक्ता बघितला ते घरी बसले. ज्यांनी लावलं त्यांनी कमावलं.”

“आणि भाव का चढले? माल नव्हता म्हणून. आधी भाव पडले म्हणून कित्येकांनी प्लॉट उपटले, नंतर ऊन आणि पाऊस यांनी उरलेल्यांचं पीक खाल्लं. कोटीवाले दिसले, बाकीच्यांची मुलाखत कोण घेतं?”

हे उत्तर बोचरं असलं तरी बरोबर आहे. याच अण्णांच्या तालुक्यात आणि शेजारच्या अकोले-संगमनेरात 2020 च्या उन्हाळ्यात टोमॅटो नीट रंगेनासे झाले. फळावर पिवळे-हिरवे पट्टे, आतून कडक. लोक त्याला ‘तिरंगा’ म्हणू लागले. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा त्यांत काकडीवरचा मोझॅक विषाणू प्रामुख्यानं सापडला. विषाणू मावा नावाच्या बारीक किडीबरोबर येतो, आणि कीड ऊन चढतं तशी वाढते. म्हणजे उन्हाळी लावण जुन्नरलाही पैज लावण्यासारखी असते. फक्त तिथं जिंकायची शक्यता बरी आहे. तांबड्या समुद्राकाठी मावा आणि पांढरी माशी यांच्या जोडीला गरम रात्रही विरुद्ध बाजूला बसलेली असते.

सुनेनं मग उलटी मोजणी मांडली. रात्र अठरा ते वीस असते ती डिसेंबर ते फेब्रुवारी. फुलं त्या काळात यायला हवीत, म्हणजे रोपं नोव्हेंबरमध्ये जमिनीत, म्हणजे बी ऑक्टोबरमध्ये ट्रेमध्ये. ऑक्टोबरची दुपार अजून सदतीसची असते, म्हणून ट्रे सावलीत. जानेवारीत इथं दिवसा एकोणतीस आणि रात्री अठरा. टोमॅटोला स्वतः हवामान निवडायला सांगितलं तर तो याहून फार वेगळं काही मागणार नाही.

“म्हणजे तुमचा वसंत दिवाळीला,” अण्णा म्हणाले.

“भाजीचा, हो.”

सौदी अरेबियात सगळीकडेच असं आहे, असं मात्र नाही. जेद्दाहून पूर्वेला डोंगर चढून गेलं की ताइफ लागतं, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंच. तिथं हिवाळ्यात रात्री बोचरी थंडी पडते आणि गुलाबाचा प्रसिद्ध हंगाम मार्च-एप्रिलमध्ये असतो. अण्णांना ताइफला नेलं असतं तर वाद निम्मा मिटला असता, कारण तिथली वसंतातली लावण बिनघोर होते. म्हणजे ‘वसंतात रोपं लावा’ हा नियम देशाचा नाही की अक्षांशाचाही नाही. तो उंचीचा आणि रात्रीचा आहे. युरोप-अमेरिकेतली बागकामाची पुस्तकं शेवटच्या हिमाचा दिवस धरून लावणी सांगतात. आपल्याकडच्या हौशी बागवानांनी ती तशीच उचलली तर फसगत होते. तिथं रोपाचा शत्रू मागे असतो, इथं पुढे.

वादाची दुसरी फेरी पाण्यावर झाली, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त रंगली.

या किनाऱ्यावर वर्षाकाठी पडणारा पाऊस पन्नास-साठ मिलिमीटर, म्हणजे जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात श्रावणातल्या एखाद्या दिवसाचा. विहीर खोदावी तर समुद्रकाठचं पाणी खारं. नळाला येतं ते समुद्राचं गोडं केलेलं पाणी. तांबड्या समुद्रात लिटरमागे सुमारे चाळीस ग्रॅम क्षार, जगातल्या समुद्रांच्या सरासरीपेक्षा पाचेक ग्रॅम जास्त.

“एवढ्या महागाचं पाणी टोमॅटोला घालायचं हेच मुळात पटत नाही,” सून म्हणाली. “या देशानं गव्हात एकदा हे केलंय. ऐंशीच्या दशकात अनुदान देऊन वाळवंटात गहू पिकवला, नव्वदीच्या सुरुवातीला चाळीस लाख टनांपर्यंत नेला, निर्यात केला. भूगर्भातलं हजारो वर्षांचं पाणी उपसून. शेवटी 2008 मध्ये ठरवलं की सरकारी खरेदी टप्प्याटप्प्यानं कमी करायची आणि 2016 पर्यंत थांबवायची.”

“तो गहू झाला लाखो एकरांत. तुझा वाफा केवढा? दोन खाटांचा.” अण्णांना हिशेब येत नाही असं समजण्याची चूक कुणी करू नये, ठिबकचा ताशी लिटरचा हिशेब त्यांनी हयातभर केला आहे. “या उन्हात दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडतं असं धर. चार चौरस मीटरला चोवीस लिटर. दहा दिवसांचं दोनशे चाळीस. आता तू सांग, समुद्राचं पाणी गोडं करायला वीज किती?”

“हजार लिटरला तीन ते चार युनिट.”

“म्हणजे दहा दिवसांच्या पाण्याला युनिटभरसुद्धा नाही. तुझा हॉलमधला दीड टनाचा एसी तासाला किती खातो?”

तो एसी जोरात चालला तर तासाला युनिटभर किंवा थोडं जास्तच खातो. म्हणजे दहा दिवस वाफा भिजवायची वीज तासाभराच्या गारव्याएवढी. या फेरीत अण्णा निर्विवाद जिंकले, आणि परसबागेला उधळपट्टी म्हणणाऱ्या सगळ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. त्यांनी लगेच शहरातल्या गोल्फच्या मैदानाकडेही बोट दाखवलं. रॉयल ग्रीन्स नावाच्या त्या मैदानावर 2019 पासून पाच वर्षं आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. “चेंडू घरंगळायला हिरवळ चालते आणि माणसाला खायला टोमॅटो चालत नाही?” सुनेनं सांगितलं की अशा हिरवळींना साधारणपणे प्रक्रिया केलेलं सांडपाणी देतात. अण्णांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पण पाणी किती, याहून पाणी कसं, हा प्रश्न जास्त खोल आहे, आणि तिथं प्रयोगशाळेतली सून बोलू लागली. समुद्राचं पाणी पडद्यातून दाबून काढलं की मीठ जातं, त्याबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही जातं. माणसाला ते जेवणातून मिळतं. वाळूतल्या झाडाला कुठून मिळणार? इस्रायलमधल्या अश्कलोनचा मोठा प्रकल्प 2005 मध्ये सुरू झाला, त्याचं पाणी शेतीला दिलं गेलं, आणि दोनच वर्षांनी शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं की टोमॅटो, तुळशीच्या जातीची बेझिल आणि काही फुलझाडं यांच्यात मॅग्नेशियमच्या कमतरतेची लक्षणं दिसू लागली आहेत.

“खालची पानं शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी पडतात,” अण्णा म्हणाले. “द्राक्षाला दरवर्षी बघतो. मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं.”

“बरोबर. पण बोरॉनचं उलटं होतं. पडद्यातून बाकीचे क्षार अडतात, बोरॉन बराचसा निसटतो. समुद्रात ते लिटरमागे साडेचार-पाच मिलिग्रॅम असतं. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेला 2.4 पर्यंत चालतं. पण लिंबासारख्या नाजूक झाडाला अर्धा मिलिग्रॅमच्या वर गेलं की पानांच्या कडा करपायला लागतात. तुम्ही मघाशी फुलगळीवर बोरॉन मारायचं म्हणालात ना?”

अण्णांनी कोपऱ्यात लिंबाचं कलम लावायचं मनात धरलं होतं. ते त्यांनी तिथंच सोडलं. टोमॅटोला मात्र बोरॉन बऱ्यापैकी सोसतं. हे सुनेनंच सांगितलं, आणि सांगितल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण विरुद्ध पक्षाला दारूगोळा पुरवला.

मिठाच्या बाबतीतही टोमॅटो दिसतो त्याहून चिवट आहे. जमिनीतल्या खारटपणाच्या मोजपट्टीवर घेवड्याचं उत्पन्न 1 च्या पुढे घटू लागतं, कांद्याचं 1.2 च्या पुढे, टोमॅटोचं 2.5 च्या. बीट चारपर्यंत तग धरतं. या शहराच्या दक्षिणेला थुवलला किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, 2009 मध्ये उघडलेलं. तिथले मार्क टेस्टर आणि रायन लेफर्स यांनी 2018 मध्ये ‘रेड सी फार्म्स’ ही कंपनी काढली, ती याच चिवटपणाच्या जोरावर. हरितगृह गार करायला आणि काही प्रमाणात झाडांनाही खारं पाणी वापरायचं, गोडं पाणी वाचवायचं, आणि टोमॅटो बाजारात विकायचे. म्हणजे अण्णांचं पीक इथं होतं. पण छताखाली, गारव्यात. उघड्या वाफ्यात मे महिन्यात नाही.

“काच-प्लास्टिकात पिकवलेल्याला मी शेती म्हणत नाही,” अण्णा म्हणाले.

“तुमच्या भागात पॉलिहाउसमध्ये ढोबळी मिरची कोण घेतं?”

“ती मिरची आहे.”

यावर काय बोलणार!

एवढं झालं तरी ट्रे तसाच होता, आणि रोपं काही नोव्हेंबरपर्यंत थांबणार नव्हती. इथं अण्णांच्या बोलण्यातला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. कधी लावावं यावर ते हट्टी होते. कसं लावावं यावर ते विद्यापीठ होते. ट्रे त्यांनी चार दिवस आधीच भिंतीच्या सावलीतून थोडा थोडा उन्हात सरकवायला सुरुवात केली होती आणि पाणी कमी केलं होतं. रोपवाटिकेच्या सावलीतलं कोवळं रोप थेट उन्हात गेलं की पानं पांढरी पडतात. ताण सोसलेलं रोप काटक होतं. लावण दुपारी चारनंतर, म्हणजे पहिली रात्र मुळांना मिळते. टोमॅटोचं रोप खालची पानं काढून खोल पुरायचं, कारण मातीत गेलेल्या खोडाला मुळं फुटतात. वांगं-मिरचीला एवढं खोल नको. काकडी, दोडका, भोपळा यांची रोपं करायचीच असतील तर कागदी कपात, कपासकट लावायची, मूळ दुखावलं की ती रुसतात.

वाळूनं मात्र त्यांना अडवलं. काळ्या जमिनीत पाणी देऊन वाफसा यायला दोन-तीन दिवस थांबायची त्यांना सवय. इथं सकाळी दिलेलं पाणी दुपारी कुठं गेलं कळत नाही. सुनेनं वाफ्यात कंपोस्ट आणि भिजवलेलं कोकोपीट आधीच मिसळलं होतं; थोडं थोडं पाणी दिवसातून दोनदा, वर खजुराच्या झावळ्यांचं आच्छादन, आणि अधूनमधून एकदा भरपूर पाणी सोडून साठलेले क्षार मुळांच्या खाली ढकलायचे, असा तिचा क्रम. शेवटचं अण्णांना पसंत पडेना. पाणी वाया घालवून जमीन धुवायची, हे त्यांच्या संस्कारात बसत नाही. पण शिरोळ-मिरजेकडच्या उसाच्या पट्ट्यात पाण्याचा निचरा न झाल्यानं क्षारपड झालेल्या जमिनी त्यांनी पाहिल्या आहेत. म्हणून त्यांनी मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते सांगणं कठीण.

मग लावायचं काय? सुनेची यादी तयार होती: भेंडी, गवार, चवळी, माठ, दुधी, कारली. उष्णतेत रुसण्याऐवजी फुलणाऱ्या भाज्या. अरबी घरांतली मुलुखिया, ज्यूटच्या कुळातली पालेभाजी, तीही याच उन्हाची. भेंडी इथल्या मटणाच्या रश्शात घालतात आणि आपण परतून खातो, पण झाड दोन्हीकडे तेच आणि त्याला गरम रात्र मानवते. यातल्या बहुतेकांना रोपाची गरजच नाही, बी रात्रभर भिजवून थेट टोकायचं. अण्णांना घरचं बी आणायचं होतं; परदेशात बियाणं न्यायला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून सुनेनं फोनवरच नको म्हटलं होतं. त्याचा राग अजून गेलेला नव्हता.

“आणि टोमॅटो?”

“निम्मी रोपं शेजाऱ्यांना देऊ. निम्मी तुम्ही लावा, शेडनेटखाली. चेरी जातीची आहेत ती आधी. बारीक फळाची झाडं उष्णतेत थोडी जास्त धरतात. ऑगस्टपर्यंत जी जगतील त्यांची बगलफूट काढून पाण्यात ठेवायची, आठवड्या-दीड आठवड्यात मुळ्या फुटतात. तीच रोपं नोव्हेंबरला जमिनीत.”

“टोमॅटोचा खोडवा!” अण्णा हसले. “वांग्याचा ऐकलाय. बरं. पण धरेल. एप्रिलमध्ये धरेल, बघ तू.”

“मग पहाटेचं तापमान लिहून ठेवायचं. भिंतीला थर्मामीटर लावते. तुम्ही पहाटे उठताच.”

“लिहीन. फुलं किती गळली तेही लिहीन. आणि तुझी भेंडी वाफ्याच्या पश्चिमेला टोक, म्हणजे दुपारच्या उन्हात माझ्या रोपांवर सावली पडेल.”

“भेंडी डोक्याएवढी व्हायला दीड-दोन महिने लागतात अण्णा. तोवर मे उजाडेल.”

“तोवर तुझी जाळी आहे ना. पन्नास टक्केवालीच आण, पंच्याहत्तरची नको, रोपं लांबट होतात.”

“पन्नासमध्ये मेला भागणार नाही.”

“भागतं.”